तीनच वेळां कां?

(शास्त्रभाग : २ राजे १३ : १४–१९)



वर दिलेला शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांत फारसा वाचला जात नाहीं. अलीशा संदेष्टा मरणाच्या दुखण्यानें अंथरुणाला खिळला आहे, आणि इस्राएलाचा राजा योवाश त्याच्यापाशीं येऊन रडत आहे. म्हातारा त्याला धनुष्य घ्यावयास सांगतो, राजाच्या हातांवर स्वतःचे हात ठेवितो, आणि पूर्वेच्या खिडकींतून बाण सुटतो. मग तो म्हणतो कीं, उरलेले बाण हातांत घेऊन भुईवर मार. राजा तीन वेळां मारतो आणि थांबतो. तेव्हां देवाचा माणूस संतापतो. पांच-सहा वेळां मारिलें असतें तर अरामाचा पुरता मोड झाला असता. आतां जय मिळेल तो तीनच वेळां.

सेमिनरींत हा भाग शिकविला गेला तेव्हां मला राजाची कींव आली होती. किती वेळां मारावयाचें हें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें. परंतु तो तीनाशींच कां थांबला, ह्याचें उत्तर मला २०२५ सालच्या उन्हाळ्यांत एका खेळानें दिलें, आणि त्या उत्तरानें माझीच मान खालीं गेली. म्हणून हें लिहीत आहें.

उपदेशांत खेळाचें काय काम, असें कांहीं वडील मंडळी विचारतील. पौलानें शर्यतीचे व मुष्टियुद्धाचे दाखले दिले आहेत. शिवाय बास्केटबॉल हा खेळ आपल्याच घरीं जन्मला. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें तो काढिला. हा गृहस्थ मॉन्ट्रिअलच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजांत ईश्वरविज्ञान शिकलेला. हिंवाळ्यांत घरांत कोंडलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांना कांहीं तरी खेळ द्यावा म्हणून त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढिले. आपल्या देशांतही १९२० सालीं हॅरी क्रो बक यांनीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें जें विद्यालय काढिलें, तें वाय. एम. सी. ए.चेंच.

आतां ज्या संघाविषयीं मला सांगावयाचें आहे, तो अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी येथील. त्याचें नांव थंडर, म्हणजे मेघगर्जना. नांव मोठें, परंतु २०२०-२१ सालीं ह्या संघानें ७२ सामन्यांपैकीं २२ जिंकले, आणि पुढच्या सालीं ८२ पैकीं २४. २ डिसेंबर २०२१ रोजीं मेम्फिस येथें तर तो ७९ विरुद्ध १५२ असा हरला. मुख्य गडी त्या रात्रीं दुखापतीमुळें बाहेर होता हें खरें, तरी ७३ गुणांनीं हार अशी त्या लीगच्या इतिहासांत पूर्वीं कोणाचीच झाली नव्हती. पुढें संघानें सालोसाल ४०, ५७ व ६८ सामने जिंकले. २०२५ च्या उन्हाळ्यांत शे गिल्जस-अलेक्झांडर हा पुढारी सव्वीस वर्षांचा होता, जेलेन विल्यम्स चोवीस वर्षांचा आणि उंच, सडपातळ चेट होमग्रेन तेवीस वर्षांचा. आपल्याकडे ह्या वयाच्या मुलाला आपण मंडळीचा हिशेब ठेवावयास देत नाहीं.

हीं पोरें जिंकावयास शिकलीं, परंतु सामना शेवटास नेणें त्यांना लवकर साधलें नाहीं. मे २०२४ मध्यें डॅलसविरुद्ध निर्वाणीच्या सामन्यांत त्यांची आघाडी सतरा गुणांपर्यंत गेली होती. शेवटीं ११६ विरुद्ध ११७ असे हरून तीं घरीं गेलीं. पुढच्या सालीं तर तीं इतकीं प्रबळ झालीं कीं, सामन्यामागें सरासरी १२·९ गुणांनीं जिंकत होतीं. इतक्या मोठ्या फरकानें त्या लीगमध्यें कोणताही संघ पूर्वीं जिंकला नव्हता. परंतु ह्यांतच एक उणीव राहिली. जो नेहमीं मोठ्या फरकानें जिंकतो, त्याला शेवटच्या दोन मिनिटांची संवय होत नाहीं.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. चेंडू हातीं आल्यावर चोवीस सेकंदांच्या आंत तो टोपलीकडे फेंकावा लागतो. ज्याची आघाडी आहे त्याला वाटतें, आतां घाई कशाला? तो चेंडू हातांत घोळवीत घड्याळाकडे पाहत राहतो, आणि शेवटल्या दोन-तीन सेकंदांत कसाबसा फेंकतो. ज्या धांवपळीनें आघाडी मिळाली ती धांवपळच थांबते. इकडे मागें पडलेला संघ मुद्दाम फाऊल करून घड्याळ अडवितो, आणि आघाडीवरच्या गड्याला रेषेवर एकट्यानें उभें राहून मोकळे फेंक घ्यावे लागतात. कोणी अडवीत नाहीं, कोणी धक्का देत नाहीं. समोर फक्त कडें असतें. पाय थकलेले असतात आणि वीस हजार माणसें पाहत असतात.

येथें मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

जून २०२४ मध्यें आमच्या मंडळींतील दोन तरुणांनीं दहावीच्या मुलांसाठीं रात्रीचा अभ्यासवर्ग काढिला. मंदिरामागील खोलीची किल्ली मीं त्यांच्या स्वाधीन केली. आरंभीं तेवीस मुलें येत असत, जातीपातीचा भेद नव्हता, आणि गांवांत आमचें नांव झालें. मग पाऊस आला, सुगी आली, एका तरुणाला तालुक्याच्या गांवीं नोकरी लागली. दिवाळीच्या सुमारास चारच मुलें उरलीं. एका रात्रीं तीं चार मुलें आलीं तों खोलीस कुलूप. अर्धा तास थंडींत उभीं राहून परत गेलीं. दुसऱ्या रविवारीं उपासनेनंतर, सर्व पंचांच्या व बायामाणसांच्या देखत, मीं त्या उरलेल्या तरुणाकडून किल्ली परत मागून घेतली. "तुमच्या हातून कांहीं शेवटास जात नाहीं," असें मीं म्हटलें. पंचांनीं माना डोलविल्या. वर्ग बंद झाला. तो तरुण उपासनेस येत राहिला, परंतु मागच्या बांकावर, आणि शेवटच्या गीताच्या आधींच उठून जात असे.

६ मे २०२५ रोजीं सकाळीं त्याच्या आजीसाठीं प्रार्थना करावयास मी त्यांच्या घरीं गेलों. तो ओटीवर बसून मोबाइलवर हाच संघ डेन्व्हरविरुद्ध खेळत असतांना पाहत होता. आपल्याकडे सकाळ असते तेव्हां तिकडे रात्र. आजी झोंपली होती म्हणून मीही टेकलों. थंडरची दहा गुणांहून मोठी आघाडी वितळतां वितळतां एका गुणावर आली होती, ११९ विरुद्ध ११८. नऊ-दहा सेकंद उरले होते. होमग्रेन रेषेवर उभा राहिला. पहिला फेंक चुकला. दुसराही चुकला. डेन्व्हरनें चेंडू घेतला, आणि ॲरन गॉर्डन ह्यानें दुरून तीन गुणांचा फेंक घातला. थंडर हरला, ११९ विरुद्ध १२१.

मुलानें मोबाइल उपडा ठेविला. माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "आतां त्याला बाहेर बसवतील, पाळकसाहेब."

मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. आजीसाठीं प्रार्थना करून घरीं आलों.

दोन दिवसांनीं, ८ मेच्या दुपारीं, तो आपण होऊन आमच्या दारीं आला. उंबऱ्यापाशींच उभा राहून म्हणाला, "बसवला नाहीं." एवढें बोलून जावयास निघाला. मीं त्याला आंत बोलाविलें. त्यानें सांगितलें तें असें : त्याच प्रशिक्षकानें, मार्क डेग्नो ह्यानें, होमग्रेनला पुन्हां आरंभापासूनच मैदानांत उतरविलें, आणि थंडर १४९ विरुद्ध १०६ असा जिंकला.

तो गेल्यावर मीं पवित्र शास्त्र उघडून तोच भाग पुन्हां वाचला, आणि पूर्वीं न दिसलेली एक गोष्ट दिसली. पहिला बाण सुटला तेव्हां अलीशाचे हात राजाच्या हातांवर होते. भुईवर मारतांना ते नव्हते. एकट्यानें करावयाची वेळ आली तेव्हां राजा तीनाशीं थांबला, कारण खिडकींतून सुटलेल्या बाणाबरोबर जय मिळालाच असें त्याला वाटलें असावें. हा आळस नव्हे. आघाडी हीच आपली झाली असें समजणें, हा कोंवळ्या माणसाचा दोष आहे. सतरा गुणांच्या आघाडीचा आणि तेवीस मुलांच्या वर्गाचाही. असें मारीत राहण्यास माणूस शिकतो तो चुकूनच. अलीशा रागावला, आणि त्याला रागावण्याचा अधिकार होता. तो मरावयास टेकला होता, दुसरा धडा देण्यास त्याच्यापाशीं दिवस उरले नव्हते. मजपाशीं दिवस होते. मीं मरणाऱ्या माणसाचा राग उसना घेतला.

मार्काची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. पंफुल्यांत त्यानें साथ सोडली, म्हणून पौल त्याला पुन्हां बरोबर नेण्यास तयार नव्हता, बर्णबानें नेलें. पुढें ज्या पत्रांत पौल आपल्या अंताविषयीं लिहितो, त्याच पत्रांत तो मार्काला घेऊन यावयास सांगतो. मधल्या वर्षांत बर्णबानें काय केलें हें शास्त्र सांगत नाहीं. मला वाटतें, त्यानें त्याला पुन्हां पुन्हां त्याच रेषेवर उभें केलें असावें.

थंडरच्या चालकांनींही पोरांना नुसतें मोकळें सोडलें नव्हतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं ॲलेक्स करूसो हा गडी आणिला. तो २०२० सालीं लॉस अँजेलिसच्या विजयी संघांत होता, आणि त्यानें तिशी ओलांडली होती. डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यांत त्या संघाचा बलाढ्य निकोला योकिच ह्याला अडविण्याचें काम, योकिच वीतभर उंच असतांही, बऱ्याच वेळ त्यानें केलें, आणि थंडर १२५ विरुद्ध ९३ असा जिंकला.

अंतिम फेरींत गांठ इंडियाना पेसर्स संघाशीं पडली. पहिल्याच सामन्यांत, ५ जून २०२५ रोजीं, थंडरनें चौथ्या सत्रांतील पंधरा गुणांची आघाडी पुन्हां घालविली. एका सेकंदाचा तिसरा हिस्साही उरला नसतां टायरीस हॅलिबर्टनचा चेंडू टोपलींत पडला, आणि ११० विरुद्ध १११ असा निकाल लागला. मे महिन्याचा धडा जूनमध्यें पाठ झाला नव्हता. ओटीवर बसलेल्या आम्हां दोघांनाही हंसूं आलें. पंचांपैकीं कोणी तेथें असता तर त्यानें मान डोलविली असती.

चौथ्या सामन्यांत मात्र तींच पोरें सात गुणांनीं मागें असतां शेवटच्या सत्रांत उतरलीं, आणि गिल्जस-अलेक्झांडरनें आपल्या ३५ गुणांपैकीं १५ शेवटच्या पांच मिनिटांत केले. १११ विरुद्ध १०४. पांचव्यांत अठरा गुणांची आघाडी दोनांवर आली. मी पाहत होतों, आतां तीं घड्याळाकडे पाहतील. तीं टोपलीकडेच जात राहिलीं. विल्यम्सचे चाळीस गुण झाले, आणि सामना १२० विरुद्ध १०९ असा संपला. सहावा तीं वाईट हरलीं. सातव्यांत, २२ जूनला, हॅलिबर्टन पहिल्याच सत्रांत पायाची शीर तुटून पडला, हें सांगितल्यावांचून त्या जयाची गोष्ट सांगणें अन्यायाचें होईल. थंडर १०३ विरुद्ध ९१ असा जिंकून अजिंक्य ठरला. १९७७ नंतर इतका तरुण संघ अजिंक्य ठरला नव्हता. त्या दिवशीं होमग्रेननें १८ गुण केले आणि पांच वेळां प्रतिपक्षाचे फेंक हातानें अडविले.

त्यानंतरच्या रविवारीं, उपासना सुटण्यापूर्वीं, मीं त्या तरुणाला सर्वांच्या देखत पुढें बोलाविलें. कारण किल्ली सर्वांच्या देखत घेतली होती. माझी चूक झाली असें सांगून ती मीं त्याच्या हातांत दिली. एका पंचानें विचारलें, "आणि पुन्हां कुलूप लागलें तर?" मीं म्हटलें, "तर मी शेजारीं उभा असेन." हें बोलणें सोपें होतें. तेव्हांपासून सोमवारीं व गुरुवारीं रात्रीं साडेसातास मला त्या खोलींत जावें लागतें, थकलेलों असलों तरी. मी शिकवीत नाहीं; गणित मला येतही नाहीं. मागें बसून वह्यांवर रेघा मारून देतों. पहिल्या आठवड्यांत अकरा मुलें आलीं. पोळ्याच्या आदल्या गुरुवारीं तिघेंच होतीं, बाहेर पाऊस पडत होता, आणि त्यानें साडेनऊपर्यंत तिघांनाच शिकविलें.