लेकराच्या खांद्यावर कोणाचे ओझे?



संतती ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. अमानत नाजूक असली की तिला जपण्याची जबाबदारी वाढते. धायरीतील एका भगिनीने वडीलधाऱ्या स्त्रीमार्फत विचारलेला प्रश्न, तिच्या अनुमतीने आणि ओळख पटणार नाही अशा रीतीने, येथे मांडत आहे. तिचा मुलगा काल पाठ केलेला कलमा आज विसरतो, दुसऱ्याची वस्तू उचलतो, मार खाऊनही पुन्हा तेच करतो. त्याच्या वेळी गरोदर असताना ती मद्य घेत असे. पुढे तिने तौबा केली. ती विचारते, "माझ्या पापाची शिक्षा अल्लाहने माझ्या लेकराला दिली काय?"

नाही. कोणताही भार वाहणारा दुसऱ्याचा भार वाहणार नाही, असा निर्वाळा पवित्र कुरआनने सूरह अल्-अन्आममध्ये (६:१६४) दिला आहे. परिणाम आणि शिक्षा यांत भेद आहे. आगीने हात भाजतो, हा सृष्टीचा नियम. भाजलेला हात अपराधी ठरत नाही. आईने घेतलेले मद्य नाळेवाटे गर्भापर्यंत पोहोचते आणि घडत असलेल्या मेंदूला इजा करू शकते. १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथील डॉक्टर जोन्स व स्मिथ यांनी या विकाराला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. त्यात वाढ खुंटते, स्मरण व एकाग्रता दुर्बल राहते, कृतीचा परिणाम आधी ओळखता येत नाही. ही इजा पूर्णपणे भरून येत नाही. परंतु लवकर मिळालेल्या साहाय्याने मुलाचे जीवन खूप सुकर होते. गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानलेले नाही.

या मुलाला हाच विकार आहे काय, हे तज्ज्ञच सांगतील. मात्र त्यासाठी आईने खरे सांगणे आवश्यक आहे. येथे अनेक भगिनी अडतात. अल्लाहने झाकलेले पाप लोकांत मिरवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण खरीच, पण लेकराच्या उपचारासाठी डॉक्टरांना एकांतात सांगणे म्हणजे पाप मिरवणे नव्हे. तो अमानतीचा हक्क आहे. पित्यानेही सारा दोष पत्नीवर ढकलून मोकळे होऊ नये.

संगोपनाची रीत सुन्नतमध्येच आहे. प्रेषित (स.) महत्त्वाची गोष्ट नीट समजावी म्हणून तीनदा सांगत (बुखारी). या मुलालाही एका वेळी एकच लहान सूचना द्या आणि न कंटाळता पुन्हा सांगा. झोप, जेवण, नमाज यांच्या वेळा रोज त्याच ठेवा. ह. अनस (र.) लहान वयात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले, दहा वर्षांत त्यांना एकदाही 'उफ्' ऐकावे लागले नाही. जे मूल हट्टाने नव्हे तर असमर्थतेने चुकते, त्याला मारणे हा जुलूम आहे. मोठेपणी त्याला पैशांचा व्यवहार न जमल्यास सूरह अन्-निसाची (४:५) आज्ञा स्मरावी: ज्यांची समज अपुरी आहे त्यांच्या हाती धन सोपवू नये, मात्र त्यांना खाऊ-पिऊ घालावे आणि त्यांच्याशी गोड बोलावे.

साधनांचा अवलंब करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. परंतु तपासणीत बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमता आढळल्यास प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. घरात व्यसन अद्याप सुटले नसेल, तर येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे कार्य करीत आहे.

आणि आपण, शेजारी व जमाअतचे लोक? मदीनेत बुद्धीने दुर्बल असलेली एक स्त्री आपले काम घेऊन आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला हव्या त्या गल्लीत थांबून तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले (मुस्लिम). उम्मतच्या नेत्यापाशी तिच्यासाठी वेळ होता. मग मकतबमध्ये मागे पडणाऱ्या मुलासाठी आपल्यापाशी वेळ का नसावा? त्याला सफमधून हुसकावू नका आणि त्याच्या आईचा भूतकाळ उकरू नका. खरी तौबा करणारा निष्पापासारखाच होय.

हे अल्लाह, अशा माता-पित्यांना सब्र दे, त्यांच्या लेकरांवर तुझी रहमत ठेव आणि आमच्या जिभांना त्यांच्या जखमांपासून दूर राख. आमीन.