हळदीच्या दिवशी आलेली जीप

बालविवाह रोखायला पोलिसांची जीप गावात पोहोचते ती बहुधा हळदीच्या दिवशी. कुणीतरी १०९८ वर निनावी फोन केलेला असतो. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, दोन पोलीस आणि शाळेतून मागवलेला जन्मतारखेचा दाखला. मुलगी सोळाची निघते. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र आईबाप लिहून देतात, मांडव उतरतो, पेपरात बातमी येते. आणि कित्येकदा थोड्याच दिवसांत तेच लग्न मामाच्या गावी, चार माणसांत उरकलं जातं.

कायदा कडक नाही असं कुणी म्हणू नये. २००६च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, एक लाखापर्यंत दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. लग्न लावणाऱ्या भटजींपासून अक्षता टाकणाऱ्या वऱ्हाड्यांपर्यंत कुणावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

पोलीस, कोर्ट आणि तुरुंग मिळून समाजाचं वागणं का बदलू शकत नाहीत, हा वाद महाराष्ट्राला जुना आहे. १८८४मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहाविरुद्ध टिपणं काढली. पुढे कलकत्त्यात फुलमणी ही अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली आणि संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा, प्रश्न पेटला. तेव्हा कायद्यातलं वय होतं दहा. १८९१मध्ये ते बारा झालं. परक्या सरकारने आमच्या घरात कायद्याने शिरू नये, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, ही टिळकांची बाजू. लोक शहाणे होईपर्यंत त्या पोरींनी काय करायचं, ही आगरकरांची तळमळ. न्यायमूर्ती रानड्यांनी सुधारणेचे चार मार्ग सांगितले: परंपरेचा आधार, सदसद्विवेकाला आवाहन, कायदा आणि बंड. स्वतः न्यायाधीश असलेल्या माणसाने कायद्याला चारांतला एक मार्ग मानलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी आगरकरांच्या बाजूचा आहे. कायदा हवाच होता. पण तो पुस्तकात आल्यावर पुढे काय होतं, ते १९२९च्या शारदा कायद्याने दाखवलं. लग्नाचं किमान वय मुलीचं १४, मुलाचं १८. कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३०ला अमलात आला. मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. १९३१च्या जनगणनेत पंधराच्या आतल्या विवाहित मुलींची संख्या घटण्याऐवजी फुगलेली दिसली. पोलिसांना आपणहून अटक करता येत नव्हती, आणि फिर्याद करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचं तारण मागता येत असे. शेजाऱ्याशी वैर पत्करून, वर पदरचं तारण देऊन कोण कोर्टात जाणार?

१९४३मध्ये रानड्यांच्या जयंतीला पुण्यात बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा धागा पुढे नेला. हक्कांचं रक्षण कायदा करत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कायद्याचा एवढा मोठा पंडित हे सांगत होता. समाजच हक्काच्या विरोधात उभा राहिला, तर कायदा आणि कोर्ट त्या हक्काची हमी देऊ शकत नाहीत.

बालविवाहात हे लख्ख दिसतं. फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी एकाच पंगतीला जेवलेले असतात. मुलीने तक्रार करायची तर ती जन्मदात्यांविरुद्ध. आणि ते दोघं तरी काय विचार करत असतात? बीडच्या ऊसतोडणीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर निघाले की वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे एसटीची वाट, घरी आजी. पोरीचं काही बरंवाईट झालं तर, या धास्तीपुढे दोन वर्षांची शिक्षा बापाला लांबची वाटते. या कारणांपैकी एकही ठाणेदाराच्या हातात नाही. मुलीला आसरा देईल असं वसतिगृह त्याच्या हद्दीत येत नाही.

कायद्याचा धाक वाढवून काय होतं, तेही आपण पाहिलं. अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली, तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. तरतुदीमागचा हेतू मुलीच्या रक्षणाचा आहे. पण नवरा आत जाईल या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच आणत नाहीत आणि बाळंतपण घरी होतं. फेब्रुवारी २०२३मध्ये आसाममध्ये हजारोंची धरपकड झाली. तुरुंगाबाहेर पोरं कडेवर घेऊन रडणाऱ्या बायका साऱ्या देशाने पाहिल्या. ज्यांच्यासाठी कायदा होता, त्याच उघड्यावर पडल्या. ऑक्टोबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही खटल्यांच्या संख्येपेक्षा प्रतिबंधावर भर दिला.

समाज आतून बोलू लागला तर काय होतं, याचं उदाहरण दुसऱ्या एका प्रथेबाबत आहे. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पोलीस नाही, खटला नाही. पाठोपाठ राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने सगळं बदलतं असं नाही. पण ज्यांच्या बोलण्याला घरात किंमत असते, ती माणसं तिथे बोलली. बालविवाहातही बापाला धाक असतो तो भावकीचा, सोयऱ्यांचा. त्यांनीच हात आखडता घेतला, तर लग्न पुढे ढकलावं लागतं.

म्हणून पत्रिका हातात आली की मुलीचं वय विचारा. ती शाळेत असेल तर आधी तिच्या बापाशी बोला, मुख्याध्यापकांना, सरपंचांना त्याच्या घरी न्या, तिच्या वसतिगृहासाठी खटपट करा. ऐकलंच नाही तर १०९८ ला फोन जरूर करा, पण हळदीची वाट बघू नका. साखरपुडा ठरतोय असं कानावर येताच करा.