मापाड्याची पट्टी

फुलंब्रीत सिल्लोड रस्त्याला एका पोराचं मोबाइलचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा तो ऑनलाइन पोकर शिकला. पोरगा हुशार आणि त्याहून जास्त चिकट. ५,००० रुपये बाजूला काढले. ते गेले तर खेळ बंद, घरखर्चाला हात लावायचा नाही. एक-दोन रुपये ब्लाइंडचं (डावाआधीच्या सक्तीच्या पैजेचं) लहान टेबल धरलं, बसताना २०० रुपयेच न्यायचे. म्हणजे पंचवीस वेळा सगळं हरलं तरच कारभार आटोपणार. पाचातले चार डाव तो पानं बघताच टाकून देई. रागाच्या भरात कधी खेळला नाही. थोड्या पैशात पोकर खेळणाऱ्याला जाणकारही याहून वेगळं काही सांगत नाहीत.

त्याचा दोस्त नेमका उलटा. अद्रक विकल्याची पट्टी हातात पडली की रात्रीतून सगळे पैसे ऑल-इन. त्याची गोष्ट लांबवण्यात अर्थ नाही, गावोगावी ती एकच असते.

२०२५ च्या उन्हाळ्यात पोरगा खुशीत चुलत्यांकडे गेला. नानांचा जन्म बाजार समितीत मापाडी म्हणून गेलेला.

“नाना, मी नफ्यात आहे. शंभर डावांमागं १० रुपये सुटतात.”

“शंभर डावांना वेळ किती लागतो?”

“दीडेक तास.”

“आणि टेबलवाला काय घेतो?”

“डावात १०० जमले, तर त्या पॉटमागं चार-पाच रुपये. रेक म्हणतात त्याला. जिंकणाऱ्याच्या पैशातून कापतात. माझे १० रुपये तो कापून राहिलेले आहेत.”

“म्हणजे आमची तोलाईच की. मका तेराशेनं जावो नाहीतर तेवीसशेनं, काटा हलला की तोलाई झाली. शेतकरी बुडाला तरी मापाडी बुडत नाही, बाबा. मी आयुष्यभर त्याच बाजूला बसलोय.”

नानांनी जुन्या पट्टीची कोरी बाजू वर केली, कानामागची पेन्सिल काढली. वर १० लिहिले. जिंकलेले पैसे काढताना ३० टक्के टीडीएस, म्हणून खाली ३ वजा. राहिले ७. दीड तासाचे ७, तर तासाचे साधारण पावणेपाच. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता, हे पोरानंच सांगितलं. नानांनी ते कोपऱ्यात नुसतं टिपून ठेवलं. हिशेबाखाली दोन रेघा मारून कागद त्याच्याकडे सरकवला.

“खुरपणीची बाई या पैशात बांधावरसुद्धा यायची नाही.”

“मोठ्या टेबलावर जास्त सुटतं, नाना.”

“तिथं कोण बसतं?”

“माझ्याहून तयारीचे.”

“आणि तुझ्या टेबलावर?”

पोरगा थांबला. मग म्हणाला, “माझ्या दोस्तासारखे.”

“मग तुझे १० रुपये कुणाच्या तरी अद्रकातले आहेत. टेबलवाल्यानं तर दोघांकडूनही घेतलं.”

पोरानं त्याच दिवशी खेळ सोडला नाही. हिशेब कळला म्हणून हात लगेच थांबत नाही. पण दुपारी बसताना तो घड्याळ बघू लागला आणि बसणं आपोआप कमी झालं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवला नाही. देशी कंपन्यांनी टेबलं उठवली. पोरानं खात्यातली शिल्लक काढून घेतली.

महिनाभरानं दोस्त आला. टेलिग्रामवर परदेशी ॲपची लिंक मिळाली होती.

“पैसे द्यायला त्यांनी नाही म्हटलं, तर कुणाकडं जाशील?” पोरानं विचारलं.

दोस्तानं तेवढा विचार केला नव्हता.

पोराला दुकानात मदतनीस हवाच होता. दुपारचे दोन तास त्यानं दोस्ताला स्क्रीनगार्ड लावायला बसवलं, तासाला ५० रुपये ठरवून. पहिल्या आठवड्यात दोस्तानं तीन काचा वाया घालवल्या. त्यांचे पैसे पोरानं कापले नाहीत.