टाळूचा पुरावा

बाळाला न्हाऊ घालण्याआधी आजी टाळू भरते, तेव्हा तिच्या बोटांखाली हाड नसते, नुसता पडदा असतो. नीट पाहिले तर तिथली धडधडही दिसते. साधारण दीड वर्षात ती जागा भरून येते.

कवटीच्या तळाचा बराचसा भाग आधी कूर्चेचा घडतो, मग त्याचे हाड होते. माथ्याची हाडे मात्र कूर्चेची पायरी गाळून थेट पडद्यातच तयार होतात. ती सुटी असतात म्हणून बाळंतपणात एकमेकांवर सरकतात आणि डोके बाहेर पडते. ईश्वरी योजनेचा याहून सुबक दाखला कोणता?

चार्ल्स डार्विनने १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये इथेच खोडा घातला. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिल्लांना तर फक्त अंड्याचे कवच फोडायचे असते. मग त्यांच्याही कवटीत सांधे कशाला? त्याच्या मते हे सांधे वाढीच्या नियमांतूनच आले. बाळंतपणात त्यांचा उपयोग झाला, तो नंतर.

यातून देव नाही, असे सिद्ध होत नाही. (उत्साही नास्तिक हे विसरतात.) ‘सोय दिसली म्हणजे हेतू होताच’ हा युक्तिवाद मात्र लंगडा पडतो, आणि तो लंगडा केला कोंबडीच्या पिल्लाने.