भूक मारायची सुई

मी वरोऱ्याचा. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच कोड लिहितो. वय २८, वजन १०४ किलो, बीएमआय ३३. गेल्या वर्षी रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर टिरझेपटाइड लिहून दिलं. आठवड्याला एक इंजेक्शन. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "खाणं कमी कर ना बापू. भूक मारायले सुई कायले पायजे?"

प्रश्न साधा होता, पण मला तो लागला. शेजारच्या गडचिरोलीचं नाव निघालं की लोकांना कुपोषण आठवतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'मधून तिथल्या नवजात बाळांच्या मृत्यूंवर आयुष्य घातलं. त्या भागात राहून मी भूक कमी करण्यासाठी पैसे मोजायचे? तेही किती: मार्च २०२५ मध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना होती. महिन्याला चार, म्हणजे १४,०००. पुढचा डोस घेतला की १७,५००.

याच सुमारास ओळखीच्या एका जिम ट्रेनरने सुचवलं, "अर्ध्या भावात मिळवून देतो. बिल नाही, चिठ्ठी नाही." मी लगेच नाही म्हटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन दिवस विचार केला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एकही सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं, त्यामुळे नीतीचा आव मला आणता येत नाही. शिवाय किंमत पगाराच्या बाहेरची असेल तर सरळ मार्गाने जाण्याचं बंधन कुणावर, हा प्रश्नही पोकळ नाही.

पण बिल म्हणजे फक्त पावती नव्हे. त्यावर बॅच नंबर असतो. त्या कुपीत काही भलतंच निघालं, तर त्या नंबरावरून मागे जात कुणाला तरी जाब विचारता येतो. चिठ्ठीचंही तसंच. थायरॉइडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा घरात इतिहास असेल तर हे औषध द्यायचं नसतं, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर फार जपून. मला हे डॉक्टरांनी विचारलं. ट्रेनरने फक्त गूगल पे आहे का ते विचारलं.

आईच्या प्रश्नाकडे परत येतो. त्यात एक गृहीत आहे: जाड माणूस म्हणजे स्वतःवर ताबा नसलेला माणूस. आमच्या गावाजवळच आनंदवन आहे. बाबा आमट्यांनी ते उभं केलं तेव्हा कुष्ठरोग म्हणजे पापाचं फळ, असं लोक मानत. पुढे तो जंतूमुळे होतो हे गळी उतरलं, १९९५ पासून त्याची बहुविध औषधं जगभर फुकट मिळू लागली. ही तुलना मी ताणतोय, हे मलाही कळतं; मला कुणी गावाबाहेर काढलेलं नाही. पण भूक किती लागावी हे आतड्यातून मेंदूकडे जाणारी संप्रेरकंही ठरवतात आणि ही औषधं त्यांचीच नक्कल करतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्के घटलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. इच्छाशक्ती एवढी तारखेबरहुकूम येत-जात नसावी.

मग मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. औषध तेच, शरीर तेच. आदल्या दिवशी जे बेकायदा होतं ते दुसऱ्या दिवशी कायदेशीर. मी वाट पाहत होतो ती एका तारखेची होती तर! डॉक्टरांकडे औषध बदलून मागायला गेलो, सोबत आई होती. तिला बारा वर्षांपासून साखर आहे, मेटफॉर्मिन ती जनऔषधीतून घेते. तिचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "याची गरज तुमच्यापेक्षा यांना जास्त आहे."

स्वस्त झालं तरी हे औषध वर्षानुवर्षं घ्यायचं. घराचा हप्ता जाऊन जे उरतं त्यात एकाचंच बसत होतं. गाडीत मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मनात आलं ते हे, की चिठ्ठी आधी माझी होती.

आईची सुई सुरू केली. नागपूरहून मे महिन्यात औषध आणायचं म्हणजे बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायचं, कारण ते दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे आणि बाहेर पंचेचाळीस. मी सकाळी आनंदवनापर्यंत चालत जातो. तीन किलो गेलेत, एक परत आलाय.

परवा आईच्या ताटात अर्धी भाकर उरली. ताटात टाकायचं नाही, हे तिनेच मला मारून शिकवलेलं. ती बराच वेळ त्या भाकरीकडे बघत बसली. "आता हिचं का करू?" म्हणाली, आणि फडक्यात गुंडाळून संध्याकाळसाठी ठेवून दिली.