समतेची कसोटी

समाजवाद हा भुकेचा पुत्र आहे, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस हें अर्धसत्य वाटतें. नुसत्या भुकेनें मनुष्य भीक मागतो किंवा दंगा करतो. संघटित होतो तो मानासाठीं. जर्मनीचा इतिहास याला साक्ष आहे. बिस्मार्कनें १८७८ मध्यें समाजवाद्यांच्या सभा व पत्रें यांवर बंदी घातली, आणि त्याच हातानें १८८३ ते १८८९ या काळांत आजार, अपघात व वार्धक्य यांच्या विम्याचे कायदे केले. दंड आणि दान दोन्ही वायां गेलीं. १९१२ च्या निवडणुकींत समाजवादी पक्षच संसदेंत सर्वांत मोठा ठरला. दान घेऊनही कामगार मिंधा झाला नाहीं, कारण त्याला हवा होता तो बरोबरीचा अधिकार.

मुंबईंत आपल्या लोकांनीं हीच वाट धरली. १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांची संघटना उभारली; १९२८ च्या संपांत गिरण्या सुमारें सहा महिने बंद राहिल्या व लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उदयास आली. परंतु त्याच संपांत एक अप्रिय प्रश्न पुढें आला. धोट्यांतील धागा तोंडानें ओढावा लागे. या सबबीवर स्पृश्य कामगार अस्पृश्यांस विणकामखात्यांत येऊं देत नसत, आणि मजुरी अधिक होती ती तेथेंच. डॉ. आंबेडकरांनीं नेमकें यावर बोट ठेवलें. मालकाकडे समता मागणारा हात ती शेजाऱ्यास देतांना आंखडत होता!

कोणी म्हणेल, लढाईच्या ऐन वेळीं असले प्रश्न काढल्यानें एकी मोडते. आम्ही विचारतों, जी एकी एकाच्या मौनावर उभी आहे, तिला एकी तरी कां म्हणावें?

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देतां येत नाहीं. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतींत सकाळीं एखाद्या कारखान्याच्या फाटकाशीं क्षणभर उभें राहावें. कायम कामगार व कंत्राटी कामगार एकाच वाटेनें आंत जातात. काम पुष्कळदां तेंच, पगार व शाश्वती मात्र निराळी. पहिल्याच्या संघटनेंत दुसऱ्याला जागा आहे काय, हीच आजची कसोटी होय.

आणि आम्हां पांढरपेशांस तरी बोलण्याचा काय अधिकार? तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण सहकारी शेजारच्या वर्गांत आमचाच विषय शिकवितो. वेतनवाढीच्या गेल्या सभेंत आम्हीं त्याचें नांवही काढलें नाहीं.