इशारा हाती आल्यावर

१९८८च्या डिसेंबरात मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. ५ डिसेंबरला हेलसिंकीतल्या दूतावासात निनावी फोन आला होता: येत्या दोन आठवड्यांत फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन अ‍ॅमच्या विमानात बॉम्ब असेल. नाताळसाठी घरी निघालेल्यांनी बेत बदलायचा की नाही हे आपलं आपण ठरवावं, असं त्या कागदात म्हटलं होतं. २१ डिसेंबरला पॅन अ‍ॅमचं १०३ क्रमांकाचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर कोसळलं. विमानातले २५९ आणि गावातले ११, असे २७० जीव गेले. त्यात परदेशातलं सत्र संपवून घरी परतणारे सिराक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते.

हेलसिंकीचा फोन खोडसाळपणाचा होता आणि स्फोटाशी त्याचा संबंध नव्हता, असं पुढे तपासात ठरलं. तरीही मृतांच्या घरच्यांचा प्रश्न कुणाला टाळता आला नाही. दूतावासातल्या लोकांना जे कळलं, ते आमच्या मुलांना का कळलं नाही? राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने १९९०मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी विमान सुरक्षेचा कायदा झाला आणि एक तत्त्व पक्कं झालं: सरकार धोक्याबद्दल आपल्या कर्मचाऱ्यांना जे सांगतं, ते सामान्य प्रवाशालाही सांगायचं. प्रवासाच्या इशाऱ्यांविषयी आज आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंचसं या आईवडिलांनी भांडून मिळवलेलं आहे.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्याआधी अशी माहिती सरकारच्या कपाटात राहायची. लोकांना सांगितलं तर घबराट होईल, खोट्या फोनांचं पेव फुटेल, अशी कारणं दिली जात आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण ज्याचा जीव पणाला लागतो त्याच्या पाठीमागे त्याच्या जिवाचा निर्णय घेणं हे त्याहून वाईट.

माहितीचा हक्क मिळाला आणि त्याच्या मागून दुसरी अडचण आली. न सांगितल्याचा ठपका बसू लागला, तशी सरकारं सगळंच सांगू लागली. १२ ऑक्टोबर २००२ला बालीतल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं मारली गेली, त्यातली ८८ ऑस्ट्रेलियन होती. ऑस्ट्रेलियाच्या आधीच्या प्रवाससूचनेत इंडोनेशियातल्या धोक्याचा उल्लेख होता आणि बालीतलं पर्यटन सुरळीत असल्याचाही होता. तिथल्या सिनेटच्या समितीने त्याची चौकशी केली. अमेरिकेने त्याच वर्षी देशांतर्गत धोक्यासाठी पाच रंगांची पट्टी आणली. २०११मध्ये ती मोडीत काढली, तोवर देशाचा रंग पिवळ्याखाली एकदाही उतरला नव्हता. निळा आणि हिरवा नुसते कागदावर राहिले. ती पट्टी असतानाच, ऑक्टोबर २०१०मध्ये, अमेरिकी परराष्ट्र खात्याने अख्ख्या युरोपासाठी सूचना काढली. शहर नाही, दिवस नाही, जाऊ नका असंही नाही, फक्त सावध राहा. तेव्हाच्या बातम्यांत धास्ती होती ती ‘मुंबईसारख्या’ हल्ल्याची. आपल्या शहराचं नाव असं वापरलेलं वाचताना आजही पोटात कालवतं.

अशा सूचनेचा प्रवाशाला उपयोग काय? रोममध्ये हॉटेल घेतलेल्या माणसाने ती वाचून नेमकं काय वेगळं करायचं? बेत बदलता येईल एवढं तरी इशाऱ्यात असायला हवं, नाही तर भीती तेवढी प्रवाशाच्या पदरात पडते आणि जबाबदारी सरकारच्या खांद्यावरून उतरते. २०१८पासून अमेरिका देशांना चार पातळ्या देते, कारण सांगते, प्रदेश वेगळा काढते. भारताला दुसरी पातळी आणि जम्मू-काश्मीरला चौथी असं आपण बरीच वर्षं पाहिलं. ते वाचून आपल्याला वाईट वाटतं, पण मोघम सूचनेपेक्षा ही रीत प्रामाणिक आहे.

इशाऱ्याच्या दुसऱ्या टोकालाही आपण राहतो, आणि ते टोक माहीत असलेल्या माणसाने निर्णय अधिक जपून घ्यावा असं मला वाटतं. २००२च्या मेअखेर सीमेवर सैन्यं समोरासमोर उभी होती तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. मुंबईच्या लोकल तेव्हाही खच्चून भरून धावत होत्या. ३० डिसेंबर २०१६ला इस्रायलने गोवा, मुंबई, पुणे आणि कोचीचं नाव घेऊन सांगितलं की किनाऱ्यावरच्या नववर्षाच्या पार्ट्या टाळा, आणि घरच्यांनी भारतात असलेल्या मुलांना फोन करून कळवा. १३ फेब्रुवारी २०१०ला पुण्याच्या जर्मन बेकरीतल्या स्फोटात १७ माणसं गेली होती, त्यामुळे ही सूचना कुणी हवेतली म्हणू शकत नव्हतं. पण गोव्यातला शॅकवाला, खोल्या भाड्याने देणारी बाई, दुचाकीवरून पर्यटकांना नेणारा पायलट, यांचं वर्षाचं गणित त्याच आठवड्यावर बसलेलं असतं. ते नववर्ष सुखरूप गेलं.

म्हणूनच २६/११नंतर इंग्लंडच्या क्रिकेट संघाने जे केलं त्याची आठवण मी आवर्जून काढते. एकदिवसीय मालिका अर्धवट टाकून ते मायदेशी गेले. मग त्यांच्या सुरक्षा सल्लागाराने इथे येऊन व्यवस्था पाहिली, अहमदाबाद आणि मुंबईचे कसोटी सामने चेन्नई आणि मोहालीला हलवले गेले आणि संघ परत आला. ११ डिसेंबर २००८ला चेन्नईत खेळ सुरू झाला. चौथ्या डावात ३८७ धावा हव्या असताना सचिन नाबाद १०३ वर उभा राहिला आणि ते शतक त्याने मुंबईला अर्पण केलं. पाहुणे आले नसते तर ते घडलंच नसतं. आणि ते डोळे मिटून आलेले नव्हते. विचारलं, पाहिलं, जागा बदलली, मग आले.

२०१९च्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न आमच्या घरात आला. मावशीने मे महिन्यातली श्रीलंकेची टूर घेतली होती: नुवारा एलियाची अशोकवाटिका, कँडी, कोलंबो. २१ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यात ११ भारतीय होते. आठवड्याच्या आतच आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अनावश्यक प्रवास टाळण्याचा सल्ला दिला. टूरवाल्यांच्या ऑफिसात मावशी पिशवीतून पावती काढून बसली. समोरचा मुलगा सारखा कॅन्सलेशनच्या रकमेवर येत होता. ती विचारत होती, रात्री संचारबंदी लागली तर तुमची बस आम्हाला कुठे ठेवणार? तिला पैशांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. ती गेली नाही. तिचा निर्णय मला पटला, कारण तो धसक्यातून आला नव्हता. आणीबाणी होती, संचारबंदी येत-जात होती, सूत्रधारांची धरपकड चालू होती. धोका ताजा होता आणि तिला त्याचा ठावठिकाणा माहीत होता. त्याच प्रवासाला डिसेंबरात मी नाही म्हटलं नसतं.

या हल्ल्यांबद्दल श्रीलंकेला भारताने ४ एप्रिललाच गुप्त माहिती दिली होती. ती लोकांपर्यंत पोचलीच नाही. जानेवारी २०२३मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हल्ल्याच्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. न सांगितल्याची किंमत राष्ट्रप्रमुखाच्या खिशातून वसूल व्हावी, हे मला या साऱ्या प्रवासातलं मोठं पाऊल वाटतं.

सांगितल्यावर मात्र निर्णय आपला उरतो, आणि तिथे भीती आपल्याला भलतीकडे नेते. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेतल्या रस्ते अपघातांचे आकडे तपासले. विमान टाळून गाडीने गेल्यामुळे पुढच्या वर्षभरात सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले, असा त्याचा हिशेब आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, आणि तरी एक्सप्रेसवेने पुण्याला जाताना आपण कुणाचा सल्ला घेत नाही. हे आकडे सांगून मी कुणाची भीती खोटी ठरवत नाही. दहशतवादी माणूस हेरून मारतो, त्याने वाटणारी भीती अपघाताच्या भीतीहून निराळी असणारच. पण परदेशवारी रद्द करून त्याच सुट्टीत रात्रभर गाडी चालवत कोकणात जाणाऱ्याने दोन्ही धोके एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

इशाऱ्याच्या काळात प्रवास करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला स्फोट येत नाही, येते ती अडकून पडण्याची पाळी. २२ मार्च २०१६ला ब्रसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत हल्ले झाले, ३२ माणसं गेली. त्यानंतर विमानतळ ३ एप्रिलला कुठे थोडा उघडला. जेट एअरवेजचं तिथे मोठं केंद्र होतं, त्यामुळे आपली कितीतरी माणसं तिथे अडकली आणि बसने अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन तिथून परतली. म्हणून ‘जाऊ का?’ असं कुणी विचारलं तर मी आधी बरोबर कोण आहे ते विचारते. एकटा तरणा मुलगा असेल तर त्याला जाऊ द्यावं. सत्तरीचे आईवडील असतील तर इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या तारखेपुढे किती दिवस पुरतील, विमा कंपनी अशा प्रसंगात पैसे देते की हात वर करते हे पॉलिसीत लेखी आहे का, आणि त्या शहरात रात्री दार उघडणारं ओळखीचं कुणी आहे का, हे पाहावं. ही तिन्ही उत्तरं मिळाली तर आईवडिलांनाही न्यावं, आणि न मिळाल्यास इशारा मागे घेतला गेला तरी त्यांना नेऊ नये.